पायमशीनची शिट्टी

कवळीताईला लोक तोंडावर कवळीताई म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. दातांच्या दवाखान्यामागच्या लांबट खोलीत गेली सव्वीस वर्षं ती कवळ्या करत होती, मग लोकांनी तिला काय गुलाबताई म्हणायचं? पुढे डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडात लगदा भरून ठसा घ्यायच्या, तो ठसा मागच्या खोलीत यायचा आणि तिथून पुढचं सगळं कवळीताईचं. प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढायचा, मेणाची हिरडी वळवायची, तिच्यात एकेक दात बसवायचा आणि शेवटी मेणाच्या जागी पक्कं गुलाबी ॲक्रिलिक भरून घासून चकचकीत करायचं. यात माणूस असा कधी दिसायचाच नाही. बाजारात एखादी बाई हसत समोरून आली की कवळीताई आधी तिच्या वरच्या ओळीकडे बघायची, ‘अगं बाई, हे तर मीच बसवलेत’ असं मनाशी म्हणायची आणि मग चेहऱ्याकडे वळायची.

या कामात हात दिवसभर गुंतलेले आणि कान दिवसभर मोकळे. त्या मोकळ्या कानांना गाण्यांचा नाद लागला, आणि तोही धड सरळ नाही. सगळ्या जगाने ऐकलेली गाणी तिला नको असत. “त्यांना माझी काय गरज पडलीय?” असं ती म्हणायची. तिला हवी असत ती कोणीतरी स्वयंपाकघरात नाहीतर जिन्याखाली बसून स्वतः रचलेली, स्वतःच फोनवर रेकॉर्ड केलेली आणि नेटवर टाकून देवाच्या भरवशावर सोडलेली गाणी. लोक यादी वरून बघत येतात. ही खालून बघायची, ज्या गाण्याला सगळ्यात कमी माणसं फिरकली असतील तिथून. आता तळाला गाळच जास्त सापडणार. दहातली नऊ गाणी कानाला हात लावून बंद करावीत अशी असत, आणि ती हे कबूल करायची. पण दहावं असं काही निघायचं की नऊ गाण्यांचा त्रास ती विसरून जायची.

प्रत्येक गाण्याला ती दोन वेळा संधी द्यायची, एकदा प्लास्टर कालवताना आणि एकदा दात बसवताना. दोन्ही वेळा ज्याने तिचा हात थांबवला तेच गाणं तिसऱ्यांदा, हात धुऊन, खुर्चीत बसून ऐकायचं आणि त्यावर लिहायचं. लिहायला लेकीने ब्लॉग काढून दिला होता. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना ती म्हणाली होती, “आई, तू मला फोनवर रोज जी गाणी सांगतेस ना, ती इथे लिहीत जा. मी वाचेन.” म्हणजे मूळ बेत आईचा फोन आवरण्याचा होता. ब्लॉगचं नाव ‘कानावर आलेलं’. सहा वर्षांत वाचक जमले अकरा. त्यातली एक लेक, एक कुठल्याशा बोटीवरचा आचारी आणि एक निवृत्त घड्याळजी. हे घड्याळजी प्रत्येक लेखाखाली “ठीक” एवढंच लिहायचे आणि फारच आवडलं तर “छान”. सहा वर्षांत “छान” चार वेळा मिळालं होतं आणि ते चारही लेख कोणते हे कवळीताईला तोंडपाठ होतं.

अशीच एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी, यादीच्या तळाशी तिला ‘पायमशीन’ सापडलं. गायकाचं नाव म्हणून फक्त एवढंच. सोबत शिलाईच्या जुन्या मशीनचा फोटो, माणूस त्यात नाहीच. सात गाणी होती. तिने सातवं लावलं, कारण ते आजवर तीनच जणांनी ऐकलं होतं.

आधी नुसतं मशीन चाललं. पायांनी धरलेला ठेका, मध्येच मंदावणारा, जणू आत कापड वळवलं जातंय, मग पुन्हा धावणारा. त्यावर एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. आवाजाला तयारी नव्हती, पण घाईही नव्हती.

माप दिलंस, सांगून गेलास,
सोमवारी येतो.
किती सोमवार शिवून झाले,
सदरा वाट बघतो.

बस, एवढंच. शिवून तयार असलेला आणि कोणी न नेलेला सदरा. पुन्हा पुन्हा तेच शब्द, आणि दर खेपेला ‘सोमवारी’ थोडं अधिक लांबवलेलं. शेवटी मशीन थांबतं आणि कात्रीने दोरा कापल्याचा आवाज येतो. कवळीताई जागची हलली नाही. हातातलं प्लास्टर वाटीतल्या वाटीत दगड झालं, चमच्यासकट. असं सव्वीस वर्षांत कधी घडलं नव्हतं.

दुसऱ्यांदा ऐकताना तिचं कामाचं डोकं जागं झालं. प्रत्येक ‘स’बरोबर एक बारीक शिट्टी वाजत होती. हे तिने लगेच ओळखलं. वरची कवळी, पुढच्या दातांमागे टाळूची बाजू जाड ठेवलेली, त्यामुळे हवेला चिंचोळी वाट. कोणीतरी घाईत उरकलेलं काम. पहिल्या वर्षी तिच्या हातूनही अशा दोन कवळ्या गेल्या होत्या आणि डॉक्टरीणबाईंनी तिची चांगली हजेरी घेतली होती.

मग तिने सातही गाणी पहिल्यापासून क्रमाने ऐकली. चार दिवस ती दुसरं काही ऐकत नव्हती. आणि चौथ्या दिवशी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या गाण्यात ‘स’ जवळपास नव्हताच. शोधून शोधून हाकलला होता, सदऱ्याला कपडा म्हटलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यात तो चुकून कुठे यायचा आणि शिट्टी गाण्याला बोचायची. चौथ्यात गायकाने आपली पट्टीच थोडी खाली आणली होती. पाचव्या-सहाव्यात ‘स’ हळूहळू वाढत गेले. आणि सातव्यात ते जागोजागी होते, मुद्दाम बोलावून बसवलेले. तिने फोनवर सूर दाखवणारं ॲप लावलं, गाण्याचा मूळ सूर धरला, मग शिट्टी धरली. शिट्टी खूप वरच्या सप्तकात होती, पण होती अगदी त्याच सुराची. म्हणजे कवळीची शिट्टी काही बदलता येत नाही म्हटल्यावर या माणसाने सगळं गाणं उचलून त्या शिट्टीखाली नेऊन ठेवलं होतं.

कवळीताईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका मोठा माणूस आणि त्याला ऐकणारी माणसं तीन, आता आपल्याला धरून चार. तिने त्याच दुपारी लिहायला घेतलं आणि सहा वर्षांत लिहिलं नव्हतं असं लिहिलं. मशीनच्या ठेक्यावर दोन परिच्छेद लिहिले, आणि मग: ‘हे गाणारे गृहस्थ वरची कवळी लावतात. ती नीट बसवलेली नाही. पुढच्या दातांमागे जाड राहिलीय, म्हणून शिट्टी वाजते. माझं सगळं आयुष्य या शिट्ट्या बंद करण्यात गेलं. मला काय माहीत, त्यांतली एखादी सुरातही लावता येते! या माणसापुढे मी हात जोडते.’

दुसऱ्या दिवशी लेखाखाली घड्याळजींचा शब्द आला: “अद्भुत.” बोटीवरच्या आचाऱ्याने तो लेख आपल्या सगळ्या ओळखीच्यांना पाठवला. आठवड्याच्या आत गाणं चार हजार लोकांनी ऐकलं. कवळीताई जमिनीला पाय न लावता हिंडत होती.

आणि मग आठव्या दिवशी सातही गाणी गायब झाली. ‘पायमशीन’चं पानच राहिलं नाही. संध्याकाळी तिला एक ईमेल आला.

‘ताई, मी पायमशीन यांची सून. गाणी मीच नेटवर टाकत होते. तुमचा लेख आला तेव्हा मला इतका आनंद झाला की पहिले दोन परिच्छेद वाचले आणि आमच्या बाबांवर लिहून आलंय म्हणून सगळ्या गल्लीला पाठवून दिला. पुढचं मी वाचलंच नव्हतं. बाबांना कवळी आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी या घरात नऊ वर्षं आहे, मलाही नाही. सासूबाई गेल्यावर तर ते एकटेच बसून जेवायचे, ते का, हे आता कळलं. दुसऱ्या दिवशी दुकानात दोघं-तिघं आले आणि म्हणाले, मास्तर, एक शिट्टी होऊन जाऊ द्या. बाबांनी सगळी गाणी काढायला लावली, फोनमधलीसुद्धा. आज सहा दिवस ते कोणाशी एक शब्द बोललेले नाहीत. तुमचा राग नाही. सांगायला हवं म्हणून लिहिलं.’

कवळीताईचा नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर होता, नुकताच कामावरून आला होता. तिने त्याला आधी लेख वाचून दाखवला, मग हे पत्र. तो बूट काढता काढता थांबला. म्हणाला, “अगं, तू त्या माणसाचं कौतुक केलंस की तपासणी?”

हे तिच्या वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. कवळी तिच्यासाठी रोजच्या भाकरीइतकी साधी गोष्ट. तिच्याबद्दल बोलताना आपण कोणाच्या तोंडात हात घालतोय, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिने लेख काढून टाकला. पण ज्यांनी वाचला होता त्यांच्या डोक्यातून तो कसा काढणार? आणि गाण्यांचं काय? ती कधी कोणाचं गाणं स्वतःकडे उतरवून ठेवत नसे. ऐकायचं तर त्याच्या दारात जाऊन ऐकायचं, असं तिचं म्हणणं. आता ते दार बंद झालं होतं आणि आतला माणूसही. जगात कुठे नाही असं एक गाणं आपल्या एका शहाणपणाने मेलं, असं तिला वाटलं, आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

रविवारी ती बसने दोन तास प्रवास करून सुनेने दिलेल्या पत्त्यावर गेली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. फळ्यांवर गणवेश आणि पडदे घड्या घालून रचलेले, दारातून उजेड जिथे पडतो तिथे ते मशीन. मास्तर त्याच्यामागे बसले होते. सत्तरीचे, ताठ, गळ्यात माप घ्यायची टेप, तोंडावर रुमाल बांधलेला. सुनेने ओळख करून दिली. त्यांनी मशीन थांबवलं, समोर पसरलेल्या काळ्या कोटाच्या कापडावर खडूने ‘बसा’ असं लिहिलं आणि तळहाताने पुसलं.

कवळीताईने बसमध्ये मोठं भाषण जुळवलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना. ती एवढंच म्हणाली, “मास्तर, चुकले मी. मला वाटलं मी तुम्हाला डोक्यावर घेतेय. मी तुम्हाला रस्त्यावर आणलं.”

मास्तरांनी खडू पुन्हा उचलला. मग त्यांनी लिहिलं, ‘सूर कळला कसा?’

तिने सांगितलं. प्लास्टर वाटीत दगड झालं तिथपासून ते फोनवरच्या ॲपपर्यंत. पहिल्या गाण्यातला कपडा आणि सातव्यातला सदरा. चौथ्या गाण्यात उतरलेली पट्टी. मास्तर खडू हातात धरून ऐकत होते. ती थांबल्यावर त्यांनी लिहिलं, ‘दोन वर्षं लागली.’ पुसलं. ‘वाटलं कोणाला कळणार नाही.’ पुसलं. मग उठून त्यांनी फळीवरून बटणांचा एक पत्र्याचा डबा काढला आणि तिच्या हातात दिला.

आत कवळी होती. कवळीताईने ती बोटांत धरून उलटी केली. पुढच्या दातांमागची बाजू कानशीने घासलेली होती, मशीनच्या लोखंडाला लावायची जाड कानस. शिट्टी काढून टाकायला ते घासत गेले होते, घासत गेले होते, आणि शेवटी टाळूला आरपार भोक पडून कवळी तडकली होती. हे दुरुस्त होणारं काम नव्हतं. तिने सव्वीस वर्षांत हजारो कवळ्या हाताळल्या होत्या, पण एखाद्या कवळीकडे बघून तिला रडू आलं ते त्या दिवशी.

“नवीन करून देते,” ती म्हणाली. “आमच्या डॉक्टरीणबाईंकडे या. माझ्या हाताने करते.”

मास्तरांनी लिहिलं, ‘शिट्टी नको.’ आणि खाली दोन रेघा मारल्या.

कवळीताईने मान डोलावली. दुसरं काय म्हणणार? ज्या आवाजापुढे तिने हात जोडले होते, तोच आवाज आता तिनेच, आपल्या हाताने, कायमचा बंद करायचा होता.

मास्तर सुनेबरोबर तीनदा दवाखान्यात आले. ठसे झाले, जबडा मिटण्याचं, म्हणजे चाव्याचं माप झालं. कवळीताईने सगळं काम बाजूला ठेवून ही एक कवळी केली. मनात आलं नाही असं नाही, थोडं मेण जास्त ठेवावं, कोणाला कळणार आहे? पण तिने टाळूची बाजू जितकी पातळ आणि रुंद हवी तितकीच ठेवली, एक केसही जास्त नाही. तिसऱ्या खेपेला मेणाची कवळी तोंडात लावून बघायची होती. पक्की होण्याआधीची ही शेवटची संधी, जे बदलायचं ते इथेच. एरवी कवळीताई मागच्या खोलीतच थांबायची. त्या दिवशी ती पुढे आली, मेणाची सुरी, दिवा आणि गार पाण्याचं भांडं घेऊन.

“आता मोठ्याने आकडे म्हणा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सात, सतरा, सदुसष्ट, सत्त्याहत्तर.”

मास्तरांनी रुमाल सोडला. पाच आठवडे बंद असलेला आवाज त्यांनी आधी खाकरून मोकळा केला. मग ते म्हणाले, “सात. सतरा. सदुसष्ट.” शिट्टीचा मागमूस नव्हता. स्वच्छ, गुळगुळीत ‘स’. सुनेने तोंडावर हात घेतला. मास्तर हसले, आरशात बघून पुन्हा हसले. “सत्त्याहत्तर,” त्यांनी उरलेला आकडा म्हटला आणि स्वतःहून पुढे जोडलं, “सासू, सासरा, सून, सगळं सरळ!” डॉक्टरीणबाई हसल्या. कवळीताईलाही हसू आलं, कारण काम उत्तम झालं होतं, आणि त्याच वेळी तिच्या आत काहीतरी खचलं.

मग मास्तरांनी खुर्चीच्या पायथ्याशी असलेल्या पट्टीवर पाय ठेवला. पाय आपोआप हलायला लागला, मशीनवर हलायचा तसा. हलक्या आवाजात त्यांनी सुरू केलं, “माप दिलंस, सांगून गेलास, सोमवारी...”

ते थांबले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा ‘सोमवारी’वर थांबले. घरात रोज बसणारं माणूस जागेवर नसावं आणि आपण तिकडे बघून बोलायला जावं, तसे ते अधांतरी बघत राहिले.

“गेली,” ते म्हणाले.

मास्तर कवळीताईकडे वळले. “ताई, हे गाणं मी तिच्यावर टेकवलं होतं हो. आता ते उभंच राहत नाही.” मग अगदी हळू त्यांनी विचारलं, “परत बसवता येईल?”

“अहो आजोबा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पाच आठवड्यांचा खटाटोप करून शिट्टी घालवली, आणि आता परत आणायची? उद्या गिऱ्हाइकं पुन्हा चिडवतील ना!”

“गिऱ्हाइकांसाठी ही असू द्या,” मास्तर म्हणाले. “दुकानात मी हीच लावेन. मला एक वेगळी करून द्या. हत्तीचे खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. माझे गायचे वेगळे.”

डॉक्टरीणबाईंनी कवळीताईकडे पाहिलं. कवळीताईने उत्तर द्यायच्या आधीच दिवा पेटवला होता. तिने पक्क्या कामासाठी त्या कवळीचा साचा मागे नेऊन उतरवून घेतला, सगळी मापं जपून ठेवली, आणि मग तीच मेणाची कवळी पुन्हा हातात घेतली. पुढच्या दातांमागे सुरीच्या टोकावरून मेणाचा एक थेंब सोडला, गार पाण्यात बुडवली आणि मास्तरांच्या हाती दिली.

“सोमवारी,” मास्तर म्हणाले. हवा नुसती फसफसली. आणखी एक थेंब. आणखी एक. पाचव्या थेंबाला शिट्टी आली, पण भलतीच खाली, केटलीसारखी. सुनेला हसू फुटलं. मास्तरांनी दोन बोटं वर केली, कापडाचं माप सांगतात तशी. “वर. दोन सूत वर.”

आता खरं काम सुरू झालं. तोंडाच्या उबेने मेण मऊ पडायचं आणि शिट्टी घसरायची, म्हणून दर खेपेला कवळी काढायची, गार पाण्यात धरायची, नखाएवढी खरवडायची, परत लावायची. “सूतभर वर.” खरवडलं. “अर्धा सूत.” खरवडलं. “जास्त झालं, खाली.” पुन्हा थेंब. कवळीताईने सूर दाखवणारं ॲप उघडलंही नाही, तिला त्याची आठवणच झाली नाही. ज्या शिट्टीकडे ते दोघं निघाले होते ती जगात आता दोनच ठिकाणी होती, मास्तरांच्या कानात आणि तिच्या कानात. ते बोट वर करायच्या आत तिला कळायला लागलं की वर जायचंय. ती सुरी टेकवायच्या आत ते मान हलवायला लागले. बाहेर बसलेले पेशंट कसला आवाज येतोय म्हणून दार लोटून बघायला लागले. डॉक्टरीणबाई एका हातातला मोजा काढून तशाच उभ्या होत्या, दुसरा काढायचं त्या विसरल्या.

सातव्या की आठव्या खेपेला कवळीताईने इतकं बारीक खरवडलं की सुरीवर काही आलेलं दिसलंही नाही. मास्तरांनी कवळी लावली. पाय पट्टीवर चालायला लागला.

“माप दिलंस, सांगून गेलास, सोमवारी येतो...”

लागली. शिट्टी नेमकी सुरावर उभी राहिली, आणि तिच्याखाली त्या म्हाताऱ्याचा आवाज असा मोकळा झाला की खोलीतल्या सगळ्यांनी श्वास धरला. कवळीताईच्या अंगावर सरसरून काटा आला. फोनवर ती ही जागा चाळीस वेळा ऐकून बसली होती. समोर, हाताच्या अंतरावर, ती काही वेगळीच होती. सदऱ्याची वाट बघणं आता खोलीभर होतं. आणि तिच्या बोटांना मेण लागलेलं होतं. आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांच्या दाराशी उभं राहून ऐकत आलो आणि आज कोणीतरी हाताला धरून आत घेतलं, असं तिला वाटलं, आणि तिला एकदम भीतीच वाटली, इतकं ते मोठं होतं. मेण मऊ पडायच्या आत मास्तरांनी गाणं संपवलं. शेवटचा दोरा कापायला कात्री नव्हती, तर त्यांनी दोन बोटांनी हवेतच कापला. दारातल्या एका पेशंटने, गालावर सूज असताना, टाळ्या वाजवल्या.

दोन्ही कवळ्या पक्क्या होऊन गेल्या त्याला तीन आठवडे झाले. कवळीताईने ब्लॉगवर काही लिहिलं नाही. घड्याळजींनी विचारलंही, ‘बरं आहे ना?’ एका बुधवारी दुपारी ती प्लास्टर कालवत होती आणि डॉक्टरीणबाई फोन हातात घेऊन मागच्या खोलीत आल्या, आ वासलेल्या पेशंटला तसंच खुर्चीत सोडून.

“सुनेने पाठवलंय,” त्या म्हणाल्या. “सगळ्या गल्लीलाही पाठवलंय म्हणे. आजोबांनीच सांगितलं, पाठव म्हणून.”

‘पायमशीन’चं पान पुन्हा उघडलं होतं. त्यावर एकच गाणं होतं, न नेलेल्या सदऱ्याचं. डॉक्टरीणबाईंनी फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. गाण्याखाली दोन ओळी होत्या.

‘शब्द, चाल, आवाज आणि मशीन: पायमशीन.
दात: कवळीताई.’

तिने दुसरी ओळ वाचली, परत वाचली. दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरने भरलेले होते, त्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती. डॉक्टरीणबाईंनी आपल्या रुमालाने ते पुसले आणि गाणं लावलं.